कॅरॅक्टर शीट वाटण्याआधी

रविवारी चार-पाच जण डंजन्स अँड ड्रॅगन्सचा, म्हणजे प्रत्येकाने एकेक पात्र घेऊन फाशांच्या आधारे कथा खेळायच्या खेळाचा, नवा डाव मांडायला जमणार असतील, तर कॅरॅक्टर शीट (पात्राची माहिती भरायचा कागद) वाटून मोकळे होऊ नका. त्याआधी एका कागदावर घरचे नियम उतरवा. मेंढीकोट काय, लुडो काय, घरागणिक नियम वेगळे असतात, यात नवीन काही नाही. पण लुडोत सोंगट्या सगळ्यांच्या सारख्याच. इथे प्रत्येकाने आपली सोंगटी नियम बघून घडवलेली असते, त्यामुळे नियम मागाहून बदलला की कुणाची तरी मेहनत पाण्यात जाते.

मागच्या डावात खेळ चालवताना माझ्याकडून हेच झालं. पाचव्या लेव्हलपासून सुरुवात केली होती, एका मैत्रिणीने हौसेने फायटर, म्हणजे हत्याराने लढणारा योद्धा, घेतला होता. तिसऱ्या बैठकीत मी जाहीर केलं, की वार करताना वीस बाजूंच्या फाशावर १ पडला की हत्यार हातातून निसटणार. सगळे हसले. मग तिची तलवार एका संध्याकाळी तीनदा खाली पडली. घरी जाऊन हिशेब केला. एका वारात १ पडण्याची शक्यता ५ टक्के. पाचव्या लेव्हलचा फायटर एका टर्नमध्ये दोन वार करतो, म्हणजे जवळपास १० टक्के. विसाव्या लेव्हलला चार वार, म्हणजे साडेअठरा टक्के. तलवारबाज जितका मुरलेला, तितका धांदरट! आणि विझार्ड, म्हणजे जादूगार, फायरबॉल हा आगीचा मंत्र टाकतो तेव्हा फासा समोरच्यांनी टाकायचा असतो, त्याच्या हातून काहीच पडत नाही. ‘हे आधी सांगितलं असतंस तर मी विझार्डच घेतला नसता का?’ असं तिने विचारलं, त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हा असला नियम हवाच असेल, तर शीट भरण्याआधी सांगा. माझं मत विचाराल तर ठेवूच नका.

नियमांचं पुस्तक कोणतं, २०१४चं की २०२४चं, हेही कागदावर लिहा. जुन्यात बरं करणारं पोशन प्यायला अख्खी अॅक्शन (टर्नमधली मुख्य कृती) जायची. कित्येक टेबलांवर लोक ते बोनस अॅक्शनमध्ये (जोडीच्या छोट्या कृतीत) पिऊ देत, आणि २०२४मध्ये तेच पुस्तकात छापून आलं. पुस्तकं परवडत नसतील तर मूळ नियमांचा दस्तऐवज फुकट मिळतो, सुरुवातीला तो पुरतो.

मग आकडे, म्हणजे ताकद, चपळाई अशा पात्राच्या सहा गुणांचे. १५, १४, १३, १२, १०, ८ हे तयार आकडे वाटता येतात. किंवा २७ पॉइंट देऊन खरेदी करू द्यायची, ज्यात ८ फुकट आणि १५ला ९ पॉइंट. सहा बाजूंचे चार फासे टाकून सगळ्यात लहान वगळायची आणि बाकीच्यांची बेरीज घ्यायची पद्धत सगळ्यांना आवडते, पण तिची सरासरी १२.२४ येते आणि तयार आकड्यांची १२. म्हणजे फायदा नावालाच, आणि एकाला १८ अन् शेजारच्याला जेमतेम १३ पडला की वर्षभर कुरकुर. फासे टाकायचेच असतील तर प्रत्येकाने एकेक संच टाकावा, आणि सगळ्यांनी त्यातला कुठलाही वापरावा. आमच्याकडे आता हेच चालतं.

शीट भरताना १४ आणि १५ दोन्हींचा मॉडिफायर (फाशावर पडलेल्यात मिळवायचा आकडा) +२च, हे नव्यांना सांगा. मिळणारी वाढ विषम आकड्यावर टाकली तर सार्थकी लागते. आणि रोग (Rogue, चोरट्या चालीचं पात्र) घेणाऱ्याला ‘कोणता रोग झाला?’ हा विनोद एकदाच करा.

मरण्याचे नियम पहिल्याच दिवशी बोला. कॉन्स्टिट्यूशन (दमखम) १० असलेल्या पहिल्या लेव्हलच्या विझार्डकडे ६ हिट पॉइंट (जिवाचे गुण) असतात आणि २०१४च्या गॉब्लिनचा वार सरासरी ५ने लागतो, त्यामुळे विषय लांब नाही. शून्यावर आल्यावर दर टर्नला फासा टाकायचा, १० किंवा वर पडला तर यश. तीन यशं आली की जीव स्थिरावतो, तीन अपयशं आली की संपलं. हा फासा उघड टाकायचा की गुपचूप, ते ठरवा. गुपचूप टाकला तर साथीदार धावत येतात, उघड असला तर ‘अजून दोन बाकी आहेत’ म्हणत निवांत लढत बसतात.

व्हिडिओ बघून आलेल्यांना वाटतं, की २० पडला की राजा मुकुट काढून देतो. पुस्तकाप्रमाणे २०चा असा खास मान वार करताना आणि त्या मरणाच्या फाशावर; गोड बोलून काम काढताना तो नुसता मोठा आकडा. तुमच्याकडे वेगळं चालणार असेल तर तेही लिहा.

कुणाला कोळी, लहान मुलांचे हाल किंवा आणखी काही कथेत नको असेल, तर चारचौघांत विचारू नका, आदल्या दिवशी एकेकट्याला मेसेज करा.

बाकी सामान किरकोळ. प्रत्येकी सात फाशांचा एक संच. पेन नको, पेन्सिल. हिट पॉइंट खोडून खोडून कागद फाटतो म्हणून शीटची जास्तीची प्रत. आणि चिवडा ठेवणार असाल तर वाट्या-चमचे द्या, आमच्या क्लेरिकच्या (पुजारी पात्राच्या) शीटवर विझडमच्या (शहाणपणाच्या) जागी अजून तेलाचा डाग आहे.