संगीत रंगभूमीवर गायिका-अभिनेत्री होऊ पाहणाऱ्या मुलींसाठी

गाणं चांगलं आहे आणि अभिनयही जमतो, एवढ्यावर संगीत नाटकात निभाव लागत नाही. गद्यातून पदात, म्हणजे संवादातून गाण्यात, जाण्याचा क्षण आणि पदातून पुन्हा गद्यात येण्याचा क्षण, खरं काम या दोन जागी असतं. नवशिक्या मुली तिथेच अडखळतात. संवाद संपतो, मुलगी थांबते, घसा साफ करते, ऑर्गनचा सूर कानात घेते आणि मग गाऊ लागते. तेवढ्यात प्रवेश थंड पडलेला असतो.

यावरचा उपाय तालमीत ऑर्गनवादकाबरोबर बसूनच करावा लागतो. पदाआधीच्या शेवटच्या दोन वाक्यांखाली त्याने षड्ज (सा) हलकेच धरायचा आणि तुम्ही शेवटचं वाक्य बोलता बोलता आवाज त्या षड्जाजवळ आणून ठेवायचा. श्वास वाक्य संपल्यावर नाही, त्या वाक्यातल्या स्वल्पविरामावर घ्यायचा. परत येतानाही तसंच: समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येऊन टाळ्यांची वाट पाहत उभं राहिलं की पुढचं वाक्य परकं वाटतं. वन्समोअर घ्यायचा की नाही हे दिग्दर्शकाशी आधीच ठरवा. घेतलाच तर पद झाल्यावर सरळ पुढच्या वाक्यावर जा, आधीचा संवाद पुन्हा म्हणू नका.

पद बसवताना सुरुवातीला पेटी बंदच ठेवा. जुन्या पदांत कर्ता एकीकडे आणि क्रियापद भलतीकडे असतं. म्हणून आधी अन्वय लावून, म्हणजे शब्द गद्याच्या क्रमाने मांडून, ते साध्या बोलण्यासारखं म्हणा, मग तालात म्हणा आणि त्यानंतर गा. १८८२ साली रंगभूमीवर आलेल्या ‘सौभद्रा’तलं सुभद्रेचं ‘वद जाऊं कुणाला शरण’ घ्या. त्यात ‘अग सखये’ अशी हाक आहे, म्हणजे तो सखीला विचारलेला प्रश्न आहे. प्रेक्षागृहाकडे तोंड करून मैफलीसारखं गायलं की त्यातला प्रश्नच नाहीसा होतो. तान, हरकत हवी तेवढी घ्या, पण ओळीचा अर्थ एकदा स्वच्छ पोचल्यावर. मूळ ‘सौभद्रा’त शंभरावर पदं आहेत आणि पूर्वी प्रयोग रात्रभर रंगत. आजचा प्रयोग तीन तासांच्या आसपास बसवावा लागतो, त्यामुळे एका पदाला चार-पाच मिनिटं मिळाली तरी पुष्कळ.

पट्टीचा, म्हणजे कोणत्या सुराला ‘सा’ धरून गायचं याचा, प्रश्न पहिल्याच तालमीत सोडवा. बायकांची पट्टी साधारण काळी चार ते काळी पाच (पेटीच्या सप्तकातल्या चौथ्या-पाचव्या काळ्या पट्ट्या) असते, तर पुरुषांची काळी एक किंवा दोन. एकामागून एक पदं असली तर वादक पट्टी बदलू शकतो. एकत्र गायचं असेल तेव्हा मात्र कुणाला तरी सरकावं लागतं, आणि बहुतेक वेळा ते नटीलाच करायला सांगतात. खालच्या पट्टीत तुमचे मंद्र (खालच्या सप्तकातले) स्वर शेवटच्या रांगेपर्यंत पोचत नसतील तर ते तेव्हाच स्पष्ट सांगा.

रंगीत तालमीपर्यंत थांबू नका. किमान आठवडाभर आधीपासून नऊवारी नेसून गा. कासोटा आणि कंबरपट्टा घट्ट असला की पोटाने घेतलेला श्वास अर्ध्यावर अडतो आणि खांदे वर जाऊ लागतात. नथ ओठावर आली की ‘प’, ‘ब’, ‘म’ बिघडतात. कॉलर माइक असेल तर हार त्याच्यावर आपटत नाही ना, ते पाहा.

आवाज गाण्यापेक्षा बोलण्याने जास्त बिघडतो. रडण्या-ओरडण्याचे संवाद घशातून वरच्या पट्टीत फेकले की सूज येते, आणि हे वारंवार झालं की स्वरतंतूंवर गाठी येऊ शकतात. सकाळी खर्जाचा, म्हणजे खालच्या स्वरांचा, वीस-तीस मिनिटं रियाज करा आणि प्रयोगाच्या दिवशी तार सप्तक जपून वापरा. घसा बधिर करणाऱ्या गोळ्या चघळून प्रयोग करू नका. वेदना कळत नाही आणि इजा वाढते. तीन आठवडे घोगरेपणा गेला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जायलाच हवं.

शिक्षणासाठी गुरूकडची तालीम हवीच. तिच्या जोडीला पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र किंवा मुंबई विद्यापीठाचा नाट्यकला विभाग आहे. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांनी शिस्त लागते, रंगमंचाची सवय मात्र लागत नाही. ती राज्य संगीत नाट्य स्पर्धेत लागते. तिथे गायनाला आणि अभिनयाला वेगवेगळी पारितोषिकं असतात. ज्योत्स्ना भोळे, जयमाला शिलेदार, कीर्ती शिलेदार यांची ध्वनिमुद्रणं ऐकताना तानांची नक्कल करण्याआधी शब्द कुठे तोडलाय ते टिपून घ्या. ‘कुलवधू’ नाटकातल्या ज्योत्स्नाबाई त्यासाठी फार मोलाच्या आहेत.

पडद्यावर हिशेब उलटा होतो. शांता आपटे ‘कुंकू’त (१९३७) स्वतःच गायल्या; पुढे पार्श्वगायन रुळलं आणि आज तुम्ही गात असलात तरी गाणं आधी ध्वनिमुद्रित होतं. चित्रीकरणात नुसते ओठ हलवू नका, मोठ्याने गा. मानेच्या शिरा आणि श्वास कॅमेऱ्याला दिसतात. ऑडिशनसाठी मिनिटभराचा परिचय आणि तानपुऱ्यावर गायलेली छोटी चित्रफीत वेगळी ठेवा. निवडीसाठी कुणी पैसे मागितले तर तिथून निघा.

केवळ संगीत नाटकावर घर चालत नाही, हे आरंभीच मान्य करावं. नाइट, म्हणजे एका प्रयोगाचं मानधन, थोडी आणि प्रयोग मोजके, म्हणून नाट्यगीतांचे कार्यक्रम, शिकवण्या, डबिंग आणि मालिका यांची सांगड घालावी लागते. मालिकेची शिफ्ट बारा तासांची, पैसे अनेकदा तीन महिन्यांनी. मालिकेचा करार करतानाच शनिवार-रविवारच्या प्रयोगांच्या तारखा लेखी मागून घ्या. चित्रीकरण सुरू झाल्यावर त्या मिळणं फार कठीण.