झेब्राफिशच्या भ्रूणात डेल्टा-लाइक ४ जनुकाचं काम कसं तपासायचं

डेल्टा-लाइक ४ हे जनुक वाढत्या रक्तवाहिनीला आवर घालतं. वाहिनीच्या नव्या कोंबाच्या टोकाची पेशी त्याचं प्रथिन शेजारच्या पेशीला दाखवते, त्या शेजारणीतला नॉच मार्ग (पेशींमधली निरोपाची साखळी) सुरू होतो आणि ती टोकाकडे न धावता मागे राहून देठ बनते. जनुक बंद पडलं की हा आवर सुटतो, वाहिन्यांना फाजील फाटे फुटतात.

झेब्राफिशचं एफएलआय१-ईजीएफपी हे वाण वापरा. त्याच्या वाहिन्यांचं अस्तर हिरवं चमकतं. नर-मादी रात्रभर पडद्याआड ठेवा, सकाळी दिवे लागताच पडदा काढा, म्हणजे ताजी अंडी मिळतील. भ्रूण एकपेशीय असतानाच, म्हणजे फलनानंतर पाऊण तासाच्या आत, कास९ प्रथिन (डीएनए कापणारी कात्री) आणि मार्गदर्शक आरएनए (कुठे कापायचं ते दाखवणारा) यांचं १ नॅनोलिटर मिश्रण टोचा. पुढचे सगळे तास फलनापासून मोजलेले आहेत. थेंब आधी खनिज तेलात मोजून घ्या: व्यास ०.१२५ मिमी आला की झालं. कंट्रोलला, म्हणजे तुलनेसाठीच्या भ्रूणांना, माशाच्या कुठल्याच जनुकाशी न जुळणारा मार्गदर्शक टोचा.

२८.५ अंशांवर वाढवा. २४ तासांच्या आत ०.००३ टक्के पीटीयू (रंगद्रव्य बनू न देणारं रसायन) घाला, नाहीतर काळा रंग धरून हिरवं झाकलं जातं. हातमोजे हवेतच, पीटीयू विषारी आहे. बघण्याआधी ०.०१६ टक्के ट्रायकेनने गुंगी द्या आणि १ टक्का लो-मेल्ट अगरोजमध्ये (कमी तापमानाला वितळणाऱ्या जेलमध्ये) कुशीवर निजवा. अगरोज हाताला कोमट लागेपर्यंत थांबा. गरम ओतलंत तर हृदय थांबतं.

बलकाच्या लांबट शेपटाच्या वर धडाच्या स्नायूंचे जे खंड असतात, त्यांच्या मधल्या वाहिन्या मोजा, दर वेळी त्याच. ३२ तासांपर्यंत त्या पाठीशी पोचून एकमेकींना जुळतात. डेल्टा-लाइक ४ नसेल तर जास्तीचे फाटे ४८ ते ७२ तासांत ठळक होतात, त्यामुळे ३२ तासांवर निकाल देऊ नका.

सगळ्यात जास्त फसवतो तो उशीर. टोचल्यामुळे मागे पडलेल्या भ्रूणाच्या वाहिन्या आखूड असणारच. त्यात जनुकाचा दोष नसतो. म्हणून घड्याळावर विसंबू नका, डोकं आणि धड यांच्यातला कोन पाहा: २४ तासांना तो सुमारे १२० अंश असतो, पुढे कमी होत जातो. दोन्ही गटांचे कोन जुळले तरच तुलना करा. दुसरी तपासणी रक्तप्रवाहाची. मेंदूतल्या नको असलेल्या वाहिन्यांची छाटणी प्रवाहावर चालते. हृदय मंद असेल तर छाटणी आपोआप अडते आणि खापर जनुकावर फुटतं. प्रवाह नसलेली भ्रूणं वेगळी नोंदवा.

टोचलेल्या भ्रूणात काही पेशी न बदललेल्या राहू शकतात. फोटो झाला की तेच भ्रूण नळीत घालून डीएनए काढा आणि बदल किती पेशींत झाला ते अनुक्रम वाचून ठरवा.