मासेमारीच्या रीलसाठी मरीन ग्रीस कुठलं घ्यायचं, आणि आपल्या खान्देशात ते लागतंच का

हतनूर धरणाच्या काठावर रील खोलून बसलो की कोणीतरी विचारतंच, काय भो, आपल्याकडे कुठे समुद्र, मरीन ग्रीस कशाला पाहिजे? मीपण आधी हेच म्हणायचो. बेअरिंगच्या दुकानातलं एपी-३ ग्रीस बोटभर काढायचं आणि सगळीकडे फासायचं, ट्रॅक्टरला चालतं तर रीलला का नाही. मग एकदा डिसेंबरात गिरणा धरणावर पहाटे सहाला हँडल असं जड फिरायला लागलं की जणू चक्कीच ओढतोय.

त्याचं कारण डब्यावरच लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं. तो जो ३ आहे ना, तो घट्टपणाचा नंबर, ग्रीसचे असे नंबर ठरवणाऱ्या एनएलजीआय संस्थेचा. ०००पासून ६पर्यंत राहतो, ००० म्हणजे तेलासारखं ओघळणारं आणि ६ म्हणजे साबणाच्या वडीसारखं. ३ नंबर चाकाच्या बेअरिंगसाठी ठीक, पण रीलचे बारीक दाते त्यात रुततात. रीलला १ किंवा २ घ्या. छोटी स्पिनिंग रील असेल तर १, कटला माशासाठी मोठी ठेवली असेल तर २. काही जण ० किंवा ००पण वापरतात, हँडल मस्त हलकं फिरतं, पण आपल्याकडे मे महिन्यात भुसावळ-जळगावला ४५ डिग्री, त्यात रील बंद गाडीच्या डिकीत, म्हणजे ते पातळ ग्रीस वितळल्यासारखं होऊन नको तिथे जाऊन बसणार. रंगावर मात्र जाऊ नका. लाल, निळा, हिरवा, तो नुसता रंग टाकलेला असतो, त्यावरून गुण कळत नाही.

आता मरीन म्हणजे काय. ग्रीस म्हणजे तेल, ते धरून ठेवणारा साबणासारखा पदार्थ आणि थोडी औषधं. खरा फरक त्या धरून ठेवणाऱ्यात. सोडियमवालं जुन्या पद्धतीचं ग्रीस पाण्यात विरघळूनच जातं, ते घेऊच नका. साधं लिथियम पाण्याला बऱ्यापैकी टिकतं. कॅल्शियम सल्फोनेट सगळ्यात भारी, पाण्याने सहजी धुतलं जात नाही आणि तो पदार्थ स्वतःच गंज रोखतो, वरून वेगळं औषध फार लागत नाही. माझं मत विचाराल तर कॅल्शियम सल्फोनेटची एक छोटी ट्यूब घ्या, सुरतकडे किंवा कोकणात खाडीवर गेलात तरी तीच चालते. लिथियम कॉम्प्लेक्सवाली मरीन ग्रीसंपण चांगली असतात, फक्त डब्यावर मरीन छापलंय एवढ्यावर भुलू नका, कंपनीच्या माहितीपत्रकात वॉटर वॉशआउट, म्हणजे पाण्याने किती ग्रीस धुऊन जातं, ते किती टक्के ते बघा, जितका कमी आकडा तितकं चांगलं.

आणि धरणाला मीठ नसलं तरी पाणी तर आहेच ना भो. रील ओल्या हाताने धरतो, ओल्या गाळात ठेवतो, पावसाळ्यात पिशवीत तशीच पडून राहते, आतले स्प्रिंग आणि स्क्रू गंजायला एवढं पुरतं.

घरी तपासायचं असेल तर हरभऱ्याएवढं ग्रीस तळहातावर घ्या, चार थेंब पाणी टाका आणि बोटाने मळा. लगेच दुधासारखं पातळ होऊन हातावरून धुऊन जायला लागलं तर पाण्यात टिकणार नाही. पाणी थेंब होऊन बाजूला पळालं तर ठीक.

आता महत्त्वाचं, कुठे नाही लावायचं. अँटीरिव्हर्सचा रोलर क्लच, म्हणजे ज्याच्यामुळे हँडल उलटं फिरत नाही, तिथे ग्रीस गेलं की रोलर चिकटतात आणि ऐन हूक मारताना हँडल फर्रकन मागे फिरतं. तिथे फक्त एखादा थेंब पातळ तेल. स्पूलच्या (ज्यावर दोर गुंडाळतो) आणि लाइन रोलरच्या (ज्यावरून दोर सरकतो) बेअरिंगला गोड्या पाण्यात तेलच बरं. ड्रॅग, म्हणजे मासा ओढायला लागला की ताण धरून दोर सोडणारा ब्रेक, त्याच्या वॉशरना तर मरीन ग्रीस अजिबात नको, हे मी एक मोठा मासा घालवून शिकलोय. ड्रॅगला लावलं होतं, मासा निघाला, ड्रॅग आधी अडकला मग झटक्यात सुटला आणि तंगूस (दोर) ताडकन तुटलं, काय होता ते पाहायलापण नाही मिळालं. कार्बन वॉशरला ड्रॅगसाठीच बनवलेलं ग्रीस मिळतं, कॅल्स किंवा शिमानो कंपनीचं, ते पातळसं लावून पुसून काढायचं. कंपनीने ड्रॅग कोरडा दिला असेल तर कोरडाच ठेवा.

मेन गिअर, पिनियन (त्याला जुळणारं छोटं दातेरी चाक), हँडलच्या बाजूची मोठी बेअरिंग आणि स्क्रूची आटी, मरीन ग्रीस एवढ्याच ठिकाणी. किती? कळण्याच्या भाकरीवर तेलाचं बोट फिरवतो तितकंच, भरताला तेल सोडतो तसं नाही. जास्त ग्रीस म्हणजे जास्त धूळ, आणि आपली काळ्या मातीची धूळ ग्रीसमध्ये बसली की पॉलिश पेस्टच तयार होते, दाते खाऊन टाकते. काळं ग्राफाइटवालं ग्रीससुद्धा टाळा, खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियमला त्याने गंज लवकर चढतो.

जुन्यावर नवं थापू नका, दोन जातींची ग्रीसं एकत्र आली की कधीकधी दोन्ही पातळ होऊन गळतात. जुनं रॉकेलने आणि जुन्या टूथब्रशने धुऊन काढा, पेट्रोल किंवा थिनर नको, प्लास्टिकचे भाग खराब होतात. खोलताना एकेक पायरीचा मोबाईलवर फोटो काढा, वॉशरचा क्रम नंतर आठवत नाही, मला तर अजून आठवत नाही.

रील परत जोडली की ड्रॅग सैल सोडा, पेपरवर आडवी ठेवा आणि रात्रभर तशीच राहू द्या. सकाळी पेपरवर तेलाचा डाग दिसला तर ग्रीस जास्त झालंय, खोला परत.