आधी स्कॅनर, मग फॉर्म

इंग्लंडात एक्स-रे विभागात नोकरी लागून सहा-आठ महिने झाले, रात्रपाळ्या अंगवळणी पडल्या, की आपल्या प्रत्येक माणसाला एकच प्रश्न पडतो: सीटी किंवा एमआरआयचं पीजीसर्ट, म्हणजे पदव्युत्तर प्रमाणपत्र, कधी करायचं? अलीकडे भारतातून इतके रेडिओग्राफर आलेत की महिन्याला एखादा तरी फोन येतोच. प्रश्न तेच, चुकाही त्याच. बहुतेक मी स्वतः करून झालेल्या. म्हणून एकदा लिहूनच टाकते.

एचसीपीसी या इथल्या नोंदणी संस्थेचं रजिस्ट्रेशन, इंग्रजीची आयईएल्टीएस परीक्षा यांवर बोलत नाही. इथे कामाला लागलात म्हणजे ते पार पडलंय. रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण दर दोन वर्षांनी असतं, ती तारीख मोबाइलमध्ये टाकून ठेवा.

आपल्याकडे कोर्सला अर्ज म्हणजे गुणपत्रिका, प्रवेश परीक्षा, फी, संपलं. इथे पीजीसर्ट म्हणजे पदव्युत्तर पातळीचे 60 क्रेडिट, आणि तेच पुढे वाढवत नेलं तर 180 ला एमएससी. पण बहुतेक विद्यापीठं तुम्हाला स्कॅनर देत नाहीत. ती लेक्चर देतात, असाइनमेंट देतात, परीक्षा घेतात. हात बसवायचा तो तुम्ही नोकरी करता त्या विभागात. त्यामुळे अर्जात एक पान असं असतं जे तुम्ही भरायचंच नसतं. ते तुमचा मॅनेजर भरतो: आठवड्याला इतके तास हिला स्कॅनरवर मिळतील, हा तिचा मेंटॉर, खाली सही. ते पान नसेल तर बाकीचा अर्ज रद्दीत गेला म्हणून समजा.

हे मला दोन हजार पौंड घालवून कळलं. कोण, कुठे ते सोडा. विद्यापीठाची सशर्त ऑफर आली, सोबत डिपॉझिटची मुदत. मी मॅनेजरला जिन्यात गाठून विचारलं, त्या हसून म्हणाल्या, "साउंड्स लव्हली." मला वाटलं, झालं, परवानगी मिळाली. रात्री घरी येऊन डिपॉझिट भरलं, आईला फोन करून बातमीसुद्धा दिली. सप्टेंबर जवळ आला तसं सहीचं पान घेऊन गेले, तेव्हा कळलं की एमआरआयला त्या वर्षी आधीच दोघीजणी शिकत होत्या आणि तिसरीला मेंटॉर नव्हता. त्यात कुणाचीच चूक नव्हती. दोनच मशीन, दोन्ही सकाळी आठ ते रात्री आठ पेशंटनी भरलेली, शिकाऊ माणसाला जागा आणणार कुठून? विद्यापीठाने नियमावर बोट ठेवलं: अट तुम्ही पूर्ण केली नाही, डिपॉझिट परत नाही. 'साउंड्स लव्हली' म्हणजे 'हो' नव्हे, हे तेव्हा शिकले. इथली माणसं तोंडावर नाही म्हणत नाहीत. तेवढ्यात आपण होकार ऐकून मोकळे होतो.

म्हणून क्रम लक्षात ठेवा. आधी मॅनेजरशी वेळ ठरवून बसा, जिन्यात नको. विचारा: या वर्षी सीटी-एमआरआयवर किती जण शिकताहेत? मेंटॉर कोण असेल? स्टडी लीव्ह किती, आणि ती पगारी का? फी कोण भरणार? उत्तरं मिळाली की त्याच संध्याकाळी चार ओळींचा ईमेल टाका: आज आपलं असं असं बोलणं झालं, माझ्या समजुतीत काही चूक असेल तर सांगा. ईमेलला उत्तर आलं की मग विद्यापीठाची वेबसाइट उघडा. डिपॉझिट सगळ्यात शेवटी, सहीचं पान हातात पडल्यावर. ऑफरची मुदत संपत असेल तर विद्यापीठाला लिहून वाढवून मागा. देतात, आणि नाही दिली तरी पुढच्या वर्षी कोर्स असतोच.

फीचं आणखी एक. तुम्ही इथे कर भरता, नॅशनल इन्शुरन्स भरता, तरी स्किल्ड वर्कर व्हिसावर असाल तर विद्यापीठाच्या लेखी सहसा 'परदेशी' विद्यार्थीच असता, आणि तो दर इथल्यांच्या दरापेक्षा बराच चढा असतो. म्हणून स्वतःच्या खिशातून करायची घाई नको. विभागाने फी भरली तर मात्र एक करार पुढे येतो: कोर्स संपल्यावर ठराविक काळ इथेच काम करीन, आधी सोडून गेले तर पैसे परत करीन. सही करण्याआधी तो शब्दन् शब्द वाचा. कोर्सच्या मधेच दुसऱ्या शहरात चांगली नोकरी मिळाली म्हणून उडी मारणारे आपल्यात बरेच. मग एकीकडे नव्या मालकाकडून स्पॉन्सरशिप घेऊन व्हिसाचा नवा अर्ज, दुसरीकडे फीची वसुली, आणि नव्या विभागात स्कॅनरवर जागा नाही.

आता पर्सनल स्टेटमेंट. तपासायला म्हणून माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी आठांची सुरुवात एक्स-रे शोधणारा रोंटगेन आणि 1895 ने होते. काढून टाका. सीटीच्या अर्जात सीटी स्कॅनर बनवणाऱ्या हाउन्सफील्डचं चरित्रही नको. पेशंटचा पहिला सीटी स्कॅन 1 ऑक्टोबर 1971 ला विम्बल्डनच्या अ‍ॅटकिन्सन मोर्ले हॉस्पिटलात झाला. त्यांच्या घरची गोष्ट त्यांनाच काय सांगायची. 'मी मेहनती आहे, लहानपणापासून रुग्णसेवेची आवड' हेही नको. आणि 'मी दिवसाला शंभर एक्स-रे काढत होते' हे तर मुळीच नको. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर या आकड्याला टाळ्या मिळतात. इथे वाचणाऱ्याच्या मनात येतं, मग प्रत्येक पेशंटची ओळख नीट पटवली होती का?

त्याऐवजी एकच पेशंट घ्या आणि जवळून सांगा. एका मुलीचं स्टेटमेंट आम्ही असंच पुन्हा लिहिलं. भारतात ती एमआरआयवर होती. कमरेच्या स्कॅनला आलेल्या एका आजोबांना बोगद्याची भीती, दोनदा बाहेर काढावं लागलं होतं. तिने त्यांना पाय आधी घालून आत घेतलं, म्हणजे डोकं बोगद्याच्या तोंडाशी राहतं, बाहेरचं छत दिसतं. अलार्मचा रबरी फुगा हातात दिला आणि प्रत्येक सिक्वेन्सआधी, म्हणजे स्कॅनच्या एकेका टप्प्याआधी, तो किती मिनिटांचा आहे ते सांगत गेली. एका सिक्वेन्सला आजोबा तरीही हलले, तो तिने पुन्हा घेतला. पहिल्या मसुद्यात हे सगळं नव्हतं; 'माझं संवादकौशल्य उत्तम आहे' एवढं एक वाक्य होतं. ते खोडून आजोबा घातले. शेवटी तिने लिहिलं की भारतात मला कोणता सिक्वेन्स का लावतो हे कुणी शिकवलं नाही, प्रोटोकॉलचं बटण दाबत होते, आणि तेच शिकायला मला यायचंय. हे वाक्य घालायला ती घाबरत होती. मला तेच सगळ्यात आवडलं.

इंटरव्ह्यू असला तर रेडिएशनचे नियम विचारतात. 2017 चे इर्मर नियम पाठ करू नका, समजून घ्या: रेफरर कोण, प्रॅक्टिशनर कोण, ऑपरेटर कोण, आणि एक्स्पोजरचं समर्थन, म्हणजे हे किरण देणं गरजेचं आहे हे ठरवणं, कोणी करायचं. एमआरआयला निघालेली मंडळी इथे हमखास घसरतात आणि तिथेही इर्मर लावतात. एमआरआयमध्ये आयनकारक किरणच नाहीत, तिथे तो लागूच होत नाही. तिथे बोला चुंबकाबद्दल: पेसमेकर, मेंदूतली क्लिप, वेल्डिंग करणाऱ्याच्या डोळ्यातला लोखंडाचा कण. आणि सर-मॅडम सोडा. प्रोफेसरला पहिल्या नावाने हाक मारताना जीभ अडखळते, माझी वर्षभर अडखळायची. पण दर वाक्याला 'सर' लावलं की समोरच्याला वाटतं, हिला चूक दिसली तरी ही बोलणार नाही.

असाइनमेंटबद्दल थोडक्यात: पुस्तकातला उतारा नाव न देता उतरवला तर तो चोरी ठरतो, सॉफ्टवेअर पकडतं, आणि प्रकरण तुमच्या रजिस्ट्रेशनपर्यंत जाऊ शकतं.

अल्ट्रासाउंडचं विचारणाऱ्यांसाठी वेगळं. आपल्याकडे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्यामुळे सोनोग्राफी डॉक्टरांच्याच हाती. इथे आपल्यासारखेच रेडिओग्राफर शिकून स्कॅन करतात आणि रिपोर्टही स्वतः लिहितात. जबाबदारी मोठी, म्हणून शेजारी बसून शिकवणारं माणूस बराच काळ लागतं आणि जागा सीटीपेक्षाही कमी. कोर्स 'केस' (CASE) या सोनोग्राफीचे कोर्स तपासणाऱ्या संस्थेची मान्यता असलेलाच घ्या. एक मानसिक तयारीही ठेवा: विसाव्या आठवड्याच्या स्कॅनला आई-वडिलांनी विचारलं तर बऱ्याच ठिकाणी मुलगा की मुलगी ते सांगतात. पहिल्यांदा शेजारी उभी राहून ते ऐकलं तेव्हा मी नकळत दाराकडे बघितलं होतं.

वेळेचं गणित असं. कोर्स बहुतेक सप्टेंबरात सुरू होतात, विभागाचं आर्थिक वर्ष एप्रिलात. मे महिन्यात विचारायला गेलात तर पैसे आणि मेंटॉर दोन्ही वाटून झालेले असतात. वार्षिक अप्रेझलमध्ये विषय काढा, तो कागदावर येऊ द्या, आणि जानेवारीत पुन्हा आठवण करा. रेफरन्ससाठी भारतातल्या जुन्या सरांचं नाव देणार असाल तर त्यांच्याकडे संस्थेचा ईमेल आहे का ते आधी बघा. जीमेलवरून आलेलं पत्र बरीच विद्यापीठं धरत नाहीत, आणि सर तर तेवढ्यात निवृत्त झालेले असतात.