दोन सेटरांच्या अबोल्यात काम शिकताना

आयटीआयतून टर्नर होऊन नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सीएनसी लेथवर (प्रोग्रॅमवर चालणाऱ्या, धातू कातायच्या मशीनवर) लागलो, तेव्हा भीती प्रोग्रॅमिंगची होती. खरा त्रास झाला तो दोन सेटरांच्या, म्हणजे मशीन कामाला लावून देणाऱ्या दोन जुन्या माणसांच्या अबोल्याचा. एक रात्रपाळीचे दादा, दुसरे आमच्या पाळीचे काका. ओव्हरटाइमवरून बिनसलेलं, दोघं एकमेकांचं तोंड बघत नव्हते.

एके सकाळी मशीन हातात घेतलं. इन्सर्ट, म्हणजे कापणारं बदलतं पातं, झिजत जातो तसा बोअर, म्हणजे जॉबमधलं भोक, लहान येतो, म्हणून ऑफसेट (मशीनला दिलेली मापाची दुरुस्ती) थोडाथोडा वाढवत नेतात. नवा इन्सर्ट लावला की तो वाढवलेला ऑफसेट काढून टाकायचा. रात्रीच्या दादांनी शिफ्ट संपता संपता इन्सर्ट बदलला, ऑफसेट तसाच राहिला आणि आमच्या काकांची गाठ पडू नये म्हणून ते चार्ज न देताच, म्हणजे मशीनची माहिती न सांगताच निघून गेले. दर दहाव्या जॉबला माप घ्यायची पद्धत होती. दहावा मोजला तर बोअर मोठा! लहान असता तर आणखी एक कट घेऊन वाचवता आला असता. मोठा झालेला जॉब थेट भंगारात. दहाही गेले.

त्यानंतर सिडकोतल्या खोलीवर झोप लागेना. जेवायला कुणाजवळ बसलो तर कोण रागावेल, हाच विचार.

जुने ऑपरेटर सांगायचे, पूर्वी हे दोघं फीड (हत्यार पुढे सरकण्याचा वेग) कमी करायचा की इन्सर्टची ग्रेड बदलायची यावर मशीनसमोर तावातावाने भांडायचे आणि पोरं ऐकून शिकायची. ते भांडण मला हवं होतं. पुढे वाचनात आलं, की कॅथरीन कॉनेली या संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये सहकाऱ्यापासून माहिती दडवण्याचे तीन प्रकार मांडले: टोलवणं, माहीत नसल्याचं सोंग घेणं आणि कारण देऊन नकार देणं. तिन्ही मी त्या मशीनवर अनुभवले होते.

नवीन असाल तर अशा दोघांचे निरोप एकमेकांना पोचवू नका. मी सुरुवातीला पोचवले आणि दोन्हीकडून बोलणी खाल्ली. त्यापेक्षा दहा मिनिटं आधी पोचा, मशीन चालू असतानाच विचारा: इन्सर्ट कधी बदलला, ऑफसेट किती आहे? सुपरवायझरला सांगून मी मशीनजवळ एक वही टांगली. दोन महिने तिच्यात फक्त माझंच अक्षर होतं. मग एका सकाळी दादांचं दिसलं: 'इन्सर्ट नवा. ऑफसेट काढला. पहिले तीन मोजा.' काकांनी चष्मा लावून ते वाचलं, काही न बोलता मायक्रोमीटर माझ्या हातात दिला.