कोकणात भाड्यानं द्यायला घर घेताय? मग ही तयारी

घर मे महिन्यात आवडलं तरी विसार देण्याआधी जुलैत एकदा पुन्हा बघून या. उन्हाळ्यात कोकणातलं कुठलंही घर देखणंच दिसतं. पडवीत वारा असतो, अंगणात आंबे आणि विकणारा गोड बोलत असतो. झड कुठल्या भिंतीवर बसते, मागच्या दारी पाणी कुठून शिरतं आणि वीज गेली की पंपाचं काय होतं, हे तेव्हा कुणी सांगत नाही.

पण त्याच्याही आधी भाडेकरू कोण, हे ठरवून घ्या. समुद्र दिसतो म्हणून घर घेणारे बहुतेक मुंबई-पुण्याचे. बारा महिने नेमानं भाडं देणारा माणूस समुद्र बघायला आलेला नसतो. तो शिक्षक असतो, बँकेत बदलून आलेला असतो, लोटे-परशुरामच्या कारखान्यात असतो, नाहीतर दापोलीच्या कृषी विद्यापीठात शिकत असतो. त्याला एसटी स्टँड, शाळा आणि एप्रिलमध्येही येणारं पाणी लागतं. म्हणून किनाऱ्यापासून आत, बाजाराजवळचं दोन खोल्यांचं साधं घर भाड्याला जास्त बरं, असं माझं मत. पर्यटकांना द्यायचं असेल तर तो वेगळा धंदा आहे: रोज चादरी, रोज किल्ली आणि पावसाळ्यात बहुतेक टाळं.

आता कागद. इथे घाई करू नका. घरपट्टीची पावती किंवा ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा म्हणजे मालकी नव्हे, ती फक्त कराची नोंद. जमिनीचा ७/१२, ८-अ (खात्याचा उतारा) आणि मागचे सगळे फेरफार (मालकी बदलल्याच्या नोंदी) काढा. गावठाणात सिटी सर्व्हे झाला असेल तर मालमत्ता पत्रक मागा. वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च, म्हणजे जुन्या व्यवहारांच्या नोंदींचा शोध, घ्या आणि स्थानिक पेपरात जाहीर नोटीस द्या. ७/१२ वर कुळकायद्याच्या कलम ४३ चा शेरा (कुळाला मिळालेल्या जमिनीच्या विक्रीवरचं बंधन) असेल, तर विक्रीला परवानगी लागते का ते आधी तलाठ्याकडे आणि वकिलाकडे विचारा. घराखालची जमीन बिनशेती आहे का, हेही बघा. शेतजमीन असेल तर महाराष्ट्रात ती साधारणपणे शेतकऱ्यालाच घेता येते.

खरी गोम सामाईक खात्यात असते. उताऱ्यावर आजोबांचं नाव, खाली नातवंडांची रांग, त्यातले निम्मे विरार-डोंबिवलीत. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचाही मुलांइतकाच हिस्सा आहे, तेव्हा सासरी गेलेल्या बहिणींची सही राहिली की पुढे दावा आलाच. हक्क सोडायचा असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्रच हवं. साध्या कागदावरची संमती चालत नाही. ‘काका काय आडवे येणार नाहीत’ असं कुणी म्हटलं की पहिली सही त्या काकांची घ्या. गणपतीत चाकरमानी गावात असतात. सगळे हिस्सेदार एका ओटीवर भेटण्याची तीच वेळ, म्हणून बोलणी तेव्हाची ठरवा.

मग कागदाबाहेरचे हक्क. वाट कुणाच्या बागेतून येते? विहीर सामाईक आहे का आणि पंप कुणाचा? गडग्याजवळचा (दगडी कुंपणाजवळचा) माड आपला की शेजाऱ्याचा? यातलं जे ठरेल ते खरेदीखतात लिहून घ्या. शेजारी आज भला असेल, त्याचा मुलगा कसा निघेल सांगता येत नाही.

समुद्र किंवा खाडी जवळ असेल तर सीआरझेडचा, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकाम-बंधनांच्या पट्ट्याचा, नकाशा बघा. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत बहुतेक ठिकाणी नवं बांधकाम होत नाही. जुन्या घराची दुरुस्ती करता येते, पण वरचा मजला चढवायचे बेत करू नका. चिपळूण-महाडकडे पूररेषा विचारा आणि शेजारच्या दुकानदाराला २२ जुलै २०२१ ला पाणी कुठवर आलं ते भिंतीवर हातानं दाखवायला सांगा.

घर बघायला जाताना टॉर्च, छोटी हातोडी आणि जुने कपडे. माळ्यावर चढा. वासा जिथे भिंतीवर टेकतो तिथे स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दाबा. ते लोण्यात गेल्यासारखं आत गेलं तर वाळवी पोचलीय, वरून रंग कितीही नवा असो. भिंतीवर मातीच्या बारीक रेघा वर चढताना दिसतात का बघा. स्लॅबचं घर असेल तर खालून हातोडीनं वाजवत जा. बद्द आवाज आला, तांबूस भेग दिसली, तर खाऱ्या हवेनं आतली सळई फुगलीय. हा खर्च मोठा असतो, तो किमतीतून वजा करून घ्या.

दुरुस्तीला क्रम आहे: आधी छप्पर, मग पाण्याचा निचरा, मग वायरिंग, रंग अगदी शेवटी. चिऱ्याची (जांभा दगडाची) भिंत ओल पिते, तिच्यावर जाड सिमेंटचा गिलावा आणि प्लास्टिक पेंट चढवला की ओल आत कोंडते आणि पोपडे येतात. चुन्याचा गिलावा बरा, गवंडी मिळाला तर. वायरिंग नवं करा, अर्थिंग तपासा आणि ईएलसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवाच. ओल्या भिंतीच्या घरात यावर काटकसर नको. बिजागऱ्या-कड्या साध्या लोखंडाच्या घेऊ नका. गवंडी-सुतार दिवाळीनंतर धरा, शिमग्यात काम थांबणार हे धरून चाला.

भाडेकरू ओळखीतला असला तरी लिव्ह अँड लायसन्स नोंदवा. अकरा महिन्यांचा करार नोंदवायला लागत नाही, हा गैरसमज आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे नोंदणी सक्तीची आहे आणि जबाबदारी मालकाची. हे काम ऑनलाइन होतं. पोलिसांना भाडेकरूची माहिती द्या. मीटरचं रीडिंग, पंखे, नळ यांचे फोटो ताबा देतानाच काढा. भाड्याच्या उत्पन्नावर आयकरात ३० टक्के वजावट मिळते, घरपट्टी वेगळी वजा होते, पावत्या जपा.

दरवर्षी एका महिन्याचं भाडं शाकारणीसाठी बाजूला ठेवा. मेअखेर कौलं परतायची, पन्हळी साफ करायच्या, छपरावर आलेल्या माडाचे नारळ आणि सुक्या झावळ्या उतरवायच्या. माडावर चढणाऱ्या पाडेलीला एप्रिलमध्येच सांगून ठेवा. नंतर साऱ्या गावाला तोच हवा असतो.