शाळेत येतं, घरी का येत नाही?

स्वमग्नतेबरोबर (ऑटिझम) बौद्धिक अक्षमता असलेलं मूल शाळेत हात धुतं आणि घरी नळापाशी नुसतं उभं राहतं, तेव्हा तो हट्ट असेलच असं नाही. बेसिन वेगळं, वडीऐवजी साबणाची बाटली, सांगणारं माणूस वेगळं; त्याच्या लेखी हे कामच नवं असतं. त्यामुळे घरात दुसरी शाळा भरवू नका. शाळेत चाललेलं एकच कौशल्य घ्या, रोज गरज पडणारं.

शिक्षकांना ‘कसं चाललंय?’ विचारलं की ‘छान’ एवढंच हाती लागतं. त्यापेक्षा विचारा: कितव्या पायरीवर अडतं, तिथे मदत कोणती करता, शब्द नेमके कोणते वापरता? जमल्यास छोटा व्हिडिओ मागा. शाळेत ‘हात धू’ आणि घरी ‘चल बरं, हात स्वच्छ करून ये’ म्हटलं तर मुलाला त्या दोन निराळ्या सूचना वाटू शकतात.

नळ सोडणं, हात ओले करणं, साबण घेणं, चोळणं, फेस धुणं, नळ बंद करणं, पुसणं. या सातांत शिकवायला शेवटून सुरुवात करा. पहिल्या सहा पायऱ्या मदतीने करून घ्या, पुसणं त्याच्यावर सोडा आणि झाल्याझाल्या आवडीची वस्तू हातात द्या. मिनिटभर उशीर झाला तर बक्षीस कशाचं, हे त्याला उमगत नाही. पुसणं जमलं की नळ बंद करणं, मग त्याच्या आधीची पायरी.

मदत पाठीमागून करा, समोरून नको. समोर उभं राहिलात तर मूल कामाऐवजी तुमच्या तोंडाकडे बघतं. आधी हाताला धरून, मग कोपराला नुसता स्पर्श, मग बोटाने खूण, मग काहीच नाही. दर वेळी मदतीआधी पाच सेकंद थांबा. (हे पाच सेकंद पालकांना सगळ्यात जड जातात.) ‘आता साबण, आता चोळ’ असं बोलत राहू नका. तोंडी मदतीची सवय सुटता सुटत नाही. त्याऐवजी बेसिनवर या पायऱ्यांच्या चित्रांची पट्टी लावा. मुलाने हात झटकला तर जबरदस्ती करू नका, स्वतः करून दाखवा.

नोंद एका कागदावर पुरते: तारीख, पायरी आणि ‘स्वतः’, ‘खूण’ किंवा ‘स्पर्श’. सलग तीन दिवस ‘स्वतः’ आलं की पुढची पायरी. दोन आठवडे काहीच हललं नाही तर पायरी मोठी आहे किंवा बक्षीस शिळं झालंय. आलेलं अचानक गेलं तर मात्र आधी दात, कान, पोट आणि झोप तपासा; न बोलणारं मूल दुखणं असंच सांगतं. मूल ज्यातून आपलं म्हणणं सांगतं ती चित्रं किंवा टॅब्लेट शाळेच्या कपाटात राहत असेल तर ते रोज दप्तरातून घरी आणा.

घरचं बेसिन जमलं की दुसरं बेसिन, मग दुसरं माणूस, मग वेगळा साबण. एका वेळी एकच बदल.